शहाबादी फरशीतला समुद्र

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या होत्या. मैत्रिणींनो, त्या आठ दिवसांत आपल्या मराठवाड्यातल्या बाईच्या डोक्यात काय काय चालू असतं, हे मी तुम्हांला वेगळं सांगायला नको. मुखवटे काढून पुसायचे, कोठ्या माळ्यावरून उतरवायच्या, फुलोऱ्याचं सामान भरायचं, सोळा भाज्यांची जमवाजमव करायची, आणि सगळ्यांत आधी घराची झाडझूड.

आमचं घर गंगाखेडचं. जुनं, दगडी जोत्याचं. माजघरात आणि स्वयंपाकघरात शहाबादी फरशी. सासऱ्यांनी १९६२ साली बसवलेली. तोवर घरात सारवण होतं. आठवड्यातून दोनदा शेण कालवून अख्खं घर सारवायचं, अंगात ताप असो की कडेवर तान्हं मूल असो. फरशी रेल्वेनं आली आणि स्टेशनापासून बैलगाडीनं घरापर्यंत आली, हे सासूबाई अजून कौतुकानं सांगतात. "फरशी बसली त्या दिवशी मी पहिल्यांदा दुपारी पाय पसरून बसले," हे त्यांचं वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.

तर त्या फरशीवर वर्षानुवर्षांचे डाग. तेलाचे, हळदीचे, दिव्याच्या काजळीचे. शेजारणीनं सांगितलं, "अहो, बाजारात फरशीचं अॅसिड मिळतं. ओतायचं आणि खराट्यानं घासायचं. लख्ख!" मला काय, तेच हवं होतं. दुपारी सासूबाई पडल्या होत्या तेवढ्यात मी बाटली उघडली आणि जिथे महालक्ष्म्या उभ्या करतो नेमक्या त्याच दोन फरश्यांवर ओतली.

चर्र असा आवाज झाला. फरशीवर फेस उठला, तव्यावर पाणी पडल्यासारखा. नाकात झणका गेला. घाबरून मी बादलीभर पाणी ओतलं. फेस बसला, डाग गेला, पण डागाबरोबर फरशीची तुळतुळीत चमकही गेली. पांढरट, खरबरीत, महारोग झाल्यासारखे दोन मोठे चट्टे तेवढे उरले.

आवाजानं सासूबाई उठून आल्या. "हे काय करायलीस गं?" एवढंच म्हणाल्या. पुढे काहीच बोलल्या नाहीत. आणि मैत्रिणींनो, सासूबाईंचं बोलणं परवडतं, न बोलणं परवडत नाही. रात्री त्या जेवल्याही नाहीत. त्यात ह्यांनी भर घातली, "बरं झालं. नाहीतरी काढायचीच होती ती जुनाट फरशी. दिवाळीआधी सगळीकडे टाइल्स बसवून टाकू." सासूबाईंनी ताटावरचा हात काढून घेतला तो त्याच वाक्याला.

भाचीचा भिंग आणि लिंबाचा थेंब

दुसऱ्या दिवशी माझी बहीण तिच्या मुलीला घेऊन मदतीला आली. ही भाची कॉलेजात भूशास्त्र शिकते, म्हणजे दगडांचा अभ्यास. आम्ही तिची थट्टा करायचो, की बाई, दगडात काय शिकायचं! पण त्या दिवशी तिनं पिशवीतून भिंग काढला, पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली आणि चट्ट्यावर पालथी पडली.

"मावशी, तू काय केलंस माहीत आहे का? समुद्र उकळवलास!"

मला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. तिनं लिंबाची फोड मागितली. फरशीच्या कोपऱ्यात एक थेंब पिळला. बारीक बारीक बुडबुडे आले. मग तिनं आमच्या जुन्या जात्याच्या पाळीवर तसाच थेंब टाकला. काही नाही. थेंब नुसता पडून राहिला.

"जातं आगीतून आलेलं आहे, फरशी पाण्यातून," ती म्हणाली. "म्हणून."

आता हे नीट समजून घ्या. आपला परभणी जिल्हा ज्या काळ्या दगडावर बसलाय तो म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो थरांवर थर असा वाहत आला आणि सगळं दख्खन झाकून गेला. आपलं जातं, पाटा-वरवंटा, घाटाच्या पायऱ्या, हेमाडपंती देवळं, सगळं ह्याच काळ्या दगडाचं. जनाबाईंच्या ह्या गावात जात्याचं महत्त्व मी काय सांगावं!

शहाबादी फरशीचं गोत्र मात्र वेगळं. ती येते कर्नाटकातल्या गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून. १९५६ पर्यंत ते गाव आणि आपली परभणी एकाच हैदराबाद राज्यात होती. तिथला दगड आहे चुनखडक. भीमा नदीच्या खोऱ्यात तो पसरलाय, आणि तेलंगणातली तांदूरची फरशीही त्याच कुळातली. तिथेच वाडीला सिमेंटचे मोठे कारखाने आहेत तेही ह्याच दगडामुळे. त्याचं वय आपल्या काळ्या दगडाच्या कितीतरी पट, शंभर कोटी वर्षांच्या आसपास. तेव्हा तिथे समुद्र होता.

"समुद्र होता तर शंख-शिंपले कुठायत?" सासूबाईंनी विचारलं. आदल्या दुपारपासून त्यांचं हे पहिलं बोलणं.

"आजी, तुम्ही बरोब्बर विचारलंत," भाची म्हणाली. "तेव्हा शिंपलेच जन्मले नव्हते. मासा नाही, गवत नाही, काही नाही. डोळ्यांना न दिसणारे जीव तेवढे होते. त्या जिवांच्या मदतीनं आणि काही नुसत्या रसायनानं पाण्यातला चुना वेगळा होऊन तळाला बसला. दुधात लिंबू पिळल्यावर चोथा खाली बसतो ना, काहीसं तसं."

हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्यात विरघळतो आणि चुन्याशी बांधला जातो. तो बांधलेला वायू दगडात अडकून राहतो. अॅसिड ओतलं की बांधणी सुटते आणि वायू फसफसून बाहेर येतो. म्हणजे आमच्या माजघरात जो फेस उठला, तो वायू शंभर कोटी वर्षांपूर्वी त्या समुद्रात विरघळला होता! मी हातात बाटली घेऊन काय सोडलं होतं, ह्याचा मला पत्ताही नव्हता.

रवी, सूप आणि समुद्रातले भोवरे

दुपारी ताक घुसळताना भाचीनं मला पुढचा धडा दिला. मी विचारलं होतं, "चुना तळाला बसला हे कळलं. पण मग सगळीकडे सारखाच का नाही बसला? ही फरशी गुळगुळीत, ती जाड्याभरड्या कणांची. ही निळसर, ती पिवळट. हे कोण ठरवतं?"

"पाणी ठरवतं, मावशी. पाणी कसं फिरतं त्यावर."

गोदावरीला पूर आला की घाटाजवळ, पुलाच्या खांबामागे भोवरे पडतात हे आपण पाहतोच. लहानपणापासून आपल्याला त्यांचा धाक घातलेला. समुद्रातही भोवरे असतात, पण त्यांचा आकार ऐकाल तर थक्क व्हाल. पन्नास, शंभर, दोनशे किलोमीटर रुंद! नावेत बसलेल्या माणसाला आपण भोवऱ्यात आहोत हे कळायचंही नाही, इतकं ते पाणी संथ फिरतं. आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने ते टिकतात. पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात एक मोठा भोवरा दरसाल पडतो. तो शेकडो किलोमीटर रुंद असतो. परभणीत त्याचं एक टोक धरलं तर दुसरं नाशिकला पोचावं असा. आपल्याकडे पाऊस आणणारे तेच नैर्ऋत्येचे वारे त्या पाण्यालाही फिरवतात.

आपल्या अंगणातलंच उदाहरण हवं तर लक्षद्वीपचं घ्या. हिवाळ्यात तिथे पाण्याचा एक मोठा भोवरा तयार होतो. त्याच्या मध्यात समुद्राची पातळी आजूबाजूपेक्षा किंचित उंच असते. पावसाळ्यात त्याच भागात उलट्या दिशेनं फिरणारा, मध्ये किंचित खोल असलेला भोवरा येतो. हे असं का होतं, ह्याचा उलगडा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. डी. शंकर आणि डॉ. सतीश शेट्ये यांनी १९९७ साली मांडला. ही संस्था दोना पावलाला आहे, १९६६ साली स्थापन झालेली. गोव्याला देवदर्शनाला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणींना ते ठाऊक असतं?

आता ह्या भोवऱ्यांचा आणि चुनखडकाचा संबंध काय? भाचीनं तीन गोष्टी सांगितल्या, आणि तिन्ही आपल्या रोजच्या कामातल्या निघाल्या.

पहिली गोष्ट रवीची. रवी फिरली की तळचं वर येतं. आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेनं फिरणारा भोवरा खोलातलं थंड पाणी मध्यात वर ओढतो. त्या पाण्यात खतासारखी द्रव्यं असतात. ती उजेडात आली की शेवाळवर्गातल्या सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात. त्यांतल्या काही आपल्या अंगावर चुन्याच्या चकत्यांचं चिलखत घालतात. त्या मेल्या की चकत्या पिठासारख्या खाली झरतात. खडू ज्या मऊ पांढऱ्या दगडाचा करीत, तो बराचसा ह्याच चकत्यांचा. अर्थात हे जीव गेल्या वीसेक कोटी वर्षांतले. शहाबादच्या समुद्रात ते नव्हते. तिथे दुसऱ्या सूक्ष्म जिवांनी काम केलं.

दुसरी गोष्ट सुपाची. धान्य पाखडताना हलका कोंडा पुढे उडतो, दाणे मागे राहतात. पाणी तेच करतं. जिथे पाणी जोरात फिरतं तिथला बारीक चिखल ते उचलून नेतं आणि जाड कण मागे सोडतं. जिथे पाणी मंदावतं तिथे तो चिखल हळूच खाली बसतो. म्हणून एकाच काळात, एकाच समुद्रात, इथे जाडा दगड आणि तिथे मऊ बारीक दगड घडतो.

तिसरी गोष्ट खराट्याची. तळाशी वाहणारं पाणी एकाच वाटेनं लाख वर्षं गेलं तर तिथे चर पडतो, आणि झाडून काढलेला गाळ बाजूला लांबच लांब ढिगात साठतो. पुढे त्याचाच दगड होतो.

ह्या तिसऱ्या गोष्टीचा मोठा पुरावा आपल्या शेजारीच मिळालाय. २०१५ साली समुद्राचा तळ छेदणारं एक संशोधन जहाज मालदीव बेटांजवळ गेलं. तिथल्या चुन्याच्या थरांत त्यांनी खोल छिद्रं घेतली. त्यांना दिसलं, की सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी तिथला गाळ साठण्याची तऱ्हा एकदम पालटली. त्याआधी बेटांच्या कडेला तो नेहमीसारखा साठत होता. त्यानंतर जोरदार प्रवाहांनी वाहून नेऊन रचल्यासारखा साठू लागला. कारण? मोसमी वारे जोरात वाहू लागले, आणि त्यांच्यामागोमाग समुद्राचे प्रवाह. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे बघा, ज्या पावसाकडे आपण मृगापासून डोळे लावून बसतो, त्याच्या वाऱ्यांचा जन्मदाखला चुनखडकात लिहिलेला सापडला!

पातेल्यात करून बघा

भाचीनं एक प्रयोग करून दाखवला, तो मुलांना जरूर दाखवा. स्टीलचं पसरट पातेलं घ्या. त्यात पाणी भरा. चमचाभर वापरलेली चहापत्ती टाका आणि ती तळाला बसू द्या. आता चमच्यानं पाणी गोल ढवळा आणि चमचा काढून घ्या. आपल्याला वाटतं, फिरत्या पाण्यानं पत्ती कडेला फेकली जाईल. पण होतं उलटं. पत्ती तळाच्या मध्यावर गोळा होते.

कारण तळाशी घासल्यामुळे तिथलं पाणी हळू फिरतं. वरचं पाणी जोरात फिरतं आणि कडेला चढतं. त्या दाबानं तळचं पाणी मध्याकडे सरकतं आणि पत्तीला ओढून आणतं. समुद्रातलं गणित ह्याहून पुष्कळ गुंतागुंतीचं आहे. तिथे पृथ्वीच्या फिरण्याचाही जोर लागतो, आणि भोवरा कोणत्या दिशेनं फिरतो त्यावर गाळ आत येणार की बाहेर जाणार हे ठरतं. पण मूळ मुद्दा तोच. वरचं फिरणं तळाला कळतं.

मी विचारलं, "मग आपल्या फरशीत असा एखादा भोवरा दिसेल का?"

"एकटा भोवरा नाही दिसणार," ती म्हणाली. "भोवरा जगतो चार महिने. आणि खोल समुद्रात हजार वर्षांत चुन्याचा गाळ साठतो तो काही सेंटिमीटर. उथळ समुद्रात थोडा जास्त. इंचभर फरशीत शेकडो, कदाचित हजारावर वर्षं दडपलेली असतात. त्यात किती भोवरे येऊन गेले असतील! एकेकाची खूण राहत नाही. सगळ्यांनी मिळून काय नेलं आणि काय ठेवलं, तेवढं राहतं."

शहाबादचा समुद्र उथळ होता, असं तिथले थर सांगतात. चुन्याच्या थरांमध्ये मातीचे पातळ पापुद्रे आहेत. पाण्याबरोबर माती जास्त आली तेव्हाचे ते. त्या पापुद्र्यांच्या जागीच दगड सुटतो. म्हणून खाणीतले कामगार छिन्नी-पहारीनं फरश्या सोलून काढतात, केळीचं सोपट सोलावं तशा. सपाट फरशी कुणी यंत्रानं कापलेली नव्हती. ती सपाट बसवली होती पाण्यानं.

आपल्या भागातला दुसरा चुनखडक पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. १९९९ साली हिंगोली वेगळी होईपर्यंत आपल्या परभणी जिल्ह्याची शीव पैनगंगेला भिडत होती. तीच नदी पुढे यवतमाळ जिल्ह्याच्या कडेनं जाते, तिथे वणी-मुकुटबनच्या बाजूला हा दगड उघडा पडलाय. तोही प्राणी जन्मण्याच्या आधीचा, पण तो खोल पाण्यात, लाटा पोचत नाहीत अशा तळावर साठला. म्हणून त्याचे थर पातळ, एकसारखे.

आणि हे नुसतं कुतूहल नाही बरं का. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ साली तेल सापडलं, त्या मुंबई हायचं तेल चुनखडकाच्याच बारीक छिद्रांत साठलेलं आहे. तिथला वायू उरणला येतो आणि त्यातून स्वयंपाकाचा गॅसही निघतो. कुठल्या चुनखडकात छिद्रं जास्त, कुठल्यात चिखल भरून ती बुजलेली, हे शोधायचं तर जुन्या समुद्रात पाणी कसं फिरलं ते आधी कळावं लागतं. आपली शेगडी पेटते त्यात ह्या अभ्यासाचाही वाटा आहे.

मग किटलीतला थर कुठला?

मी मध्येच म्हणाले, "आपल्या पाण्यात इतका चुना येतो, किटलीत पांढरा थर बसतो, तोही समुद्राचाच का?"

तर नाही. आपल्या काळ्या दगडातही चुन्याचा अंश असतो. पावसाचं पाणी मुरताना तो विरघळवतं. तोच आपल्या काळ्या मातीत पांढऱ्या खड्यांच्या रूपानं गोठतो. त्याला आपण चुनखडी म्हणतो. तोच विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यातून घरात येतो. पदार्थ एकच, माहेर वेगळं. म्हणूनच जे लिंबू फरशीचा घात करतं तेच किटलीला उपयोगी पडतं.

त्यावरून काही घरगुती गोष्टी टिपून ठेवा:

फरशी शहाबादी, कडप्पा, कोटा किंवा संगमरवरी असेल तर अॅसिड कधीही वापरू नका. तिन्ही-चारी चुन्याच्याच जातीच्या आहेत.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, दही, कैरीचं पाणी सांडलं तर लगेच ओल्या फडक्यानं पुसा. रात्रभर राहिलं तर चट्टा पडलाच म्हणून समजा.

रोजच्याला कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण पुरे. तेलाच्या डागावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लेप द्या, तासाभरानं पुसून घ्या.

चट्टा पडलाच तर तो डाग नव्हे, झीज आहे. घासून जाणार नाही. फरशीला पॉलिश करणाऱ्याकडून तेवढा भाग पुन्हा घोटून घ्यावा लागतो.

किटलीतला थर मात्र लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाण्यात घालून उकळा. थर सुटला की दोनदा साध्या पाण्यानं खळबळा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकतं.

आमच्या फरशीचं काय झालं?

त्या रात्री भाचीनं सगळं ह्यांनाही सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढी जुनी आहे म्हणतेस? पण टाइल्स पुसायला सोप्या." त्यांचंही खोटं नव्हतं. फरशी मी पुसते, ते नाही, हे मी त्यांना आठवण करून दिलं. मग ते हसले आणि विषय तिथेच राहिला. महालक्ष्म्या झाल्यावर पॉलिशवाला आला. त्यानं दोन्ही फरश्या घोटल्या. चट्टे पुष्कळ कमी झाले. कडेनं उजेड पडला की अजून दिसतात.

महालक्ष्म्या मात्र त्या आधीच बसल्या होत्या. आदल्या संध्याकाळी मी सासूबाईंना म्हणाले, "आई, कोठ्या थोड्या सरकवून चट्ट्यांवरच ठेवू का? झाकले जातील."

सासूबाई म्हणाल्या, "नेहमीच्या जागी ठेव. चट्टे तिथं आहेत तर असू दे." मग त्या खाली बसल्या, पाय पसरले, आणि बोटाच्या चिमटीत रांगोळी धरून त्यांनी पावलं काढायला सुरुवात केली, दारापासून माजघरापर्यंत. भाची शेजारी बसून पहात होती.

"गं पोरी," सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "त्या समुद्राला नाव काय होतं?"

"नाव द्यायला कुणी नव्हतं ना, आजी."

सासूबाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी पुढचं पाऊल काढलं, आणि मला म्हणाल्या, "पुरणाची डाळ भिजत घातलीस का?"